कढई आणि कात्री

उमाटे सरांची शोकसभा पाहुणे न आल्यामुळे उशिरा सुरू झाली. पिपरी मेघेतल्या आमच्या सभागृहात सगळे वेळेवर जमले होते, फोटोला हार घातला होता, एक उदबत्ती संपून दुसरी लावून झाली होती, आणि अध्यक्ष म्हणून ज्यांना बोलावलं होतं ते माजी सभापती हिंगणघाटहून "हे निघालोच" असं फोनवर सांगत होते. सगळे निमूट बसून राहिले. माणूस गेल्याचं दुःखसुद्धा अध्यक्षांच्या परवानगीशिवाय करायचं नाही, ही शिस्त आम्हाला लावली कोणी? तर फोटोतल्या माणसानं.

माईक नेहमीप्रमाणे माझ्या हातात होता. मी सरांच्याच शाळेत मराठी शिकवायचे, ते भूगोल. घरंही शेजारशेजारच्या गल्लीत. मराठी शिकवणाऱ्या बाईला सूत्रसंचालन येतंच, असा त्यांचा पक्का समज होता. नोकरीला लागले त्या आठवड्यातच त्यांनी माईक माझ्या हातात दिला तो कायमचा. "पाहुणे काही क्षणांतच आपल्यात येत आहेत" हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा बोलले असेन तितक्यांदा स्वतःच्या नवऱ्याशी बोलले नसेन. आणि ते दर वेळी खोटं होतं!

सरांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. वर्गातही, लग्नातही, भाजी आणायला जातानाही. तिच्यात लाल फितीचं रीळ, कात्री, कापूर, काडीपेटी, हळदीकुंकवाची डबी आणि एक सोललेला नारळ. कुठं काय नवीन सुरू होईल सांगता येत नाही, तयारी असलेली बरी. कात्रीला लांब दोरा बांधलेला असायचा आणि दोऱ्याचं दुसरं टोक सरांच्या शर्टाच्या गुंडीला. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, पाहुणे फीत कापते, फोटोसाठी हासते, अन् कात्री खिशात टाकून चालले जाते. लय कात्र्या गेल्या माह्या." खरोखरच मी पाहिलंय, एक मोठे पुढारी भराभर गाडीकडे निघाले आणि त्यांच्यामागे दोऱ्यानं ओढले गेल्यासारखे सर.

उद्घाटन झाल्याशिवाय कुठली वस्तू वापरायची नाही, हा त्यांचा एकमेव धर्म. शाळेच्या नळाला नवी तोटी बसवली तर तिचं उद्घाटन. गल्लीत गतिरोधक झाला, त्याला आडवी फीत बांधली. ती कापायला आलेल्या नगरसेवकांचीच गाडी त्यावर पहिल्यांदा आदळली आणि त्यांनी भाषणात कंत्राटदाराला शिव्या घातल्या. स्टाफरूमच्या पंख्याची गोष्ट तर मी विसरणार नाही. एप्रिल संपत आलेला, वर्ध्याचं ऊन काय असतं ते वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. पंखा छताला लागलेला, वायर जोडलेली, बटण हाताच्या अंतरावर. आणि पंख्याच्या तिन्ही पात्यांना लाल फीत गुंडाळलेली, कारण शिक्षणाधिकारी सोमवारी येणार होते. आम्ही सगळ्या बाया पदरानं वारा घेत पेपर तपासत होतो. मी चिडून म्हटलं, "सर, घाम तर उद्घाटनाशिवाय येऊन राहिला की!" तर शांतपणे म्हणाले, "तो जुना हाय मॅडम."

असा हा माणूस. आणि याला कयाकचं वेड लागलं, हे कोणाला सांगून पटेल का?

झालं असं की रजा प्रवास सवलत घेऊन सर आणि सुमनवहिनी गंगेवर गेले. वहिनी घाटावर डुबकी मारत असताना सरांनी वरच्या अंगाला पांढऱ्या फेसात उड्या मारत येणाऱ्या चिंचोळ्या होड्या, म्हणजे कयाक, पाहिल्या. एक माणूस, एक होडी, दोन्हीकडे पातं असलेलं एक वल्हं. हा गृहस्थ तीस वर्षं वर्गात "नदीच्या वरच्या टप्प्यातील भूरूपे : घळई, धबधबा, धावती" असं फळ्यावर लिहीत आलेला, पण धावतीत, म्हणजे धोंड्यांवरून फेसाळत उतरणाऱ्या पाण्यात, कधी पाय घातलेला नव्हता. बसला तो होडीत. आणि उलटला.

"डोकं खाली, पाय होडीत," ते पुढं आयुष्यभर सांगायचे. "आभाळ खाली अन् गंगा वर. भूगोलाचं पुस्तक उलटं धरल्यावानी. मंग तिथल्या शिकवणाऱ्यानं मले सरळ केलं. अन् वर आलो तं मी एवढा हासलो, एवढा हासलो मॅडम, का सुमन म्हणे यायच्या डोक्याले लागलं वाट्टे."

तिथं कुठलासा कॅम्प बंद होत होता. त्यांची एक जुनी पिवळी कयाक सरांनी विकत घेतली. ती वर्ध्याला आली ट्रॅव्हल्सच्या टपावरून, निळ्या ताडपत्रीत दोऱ्यांनी बांधून. सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, चार जणांनी ते लांबट गाठोडं हळूच खाली उतरवलं आणि खांद्यावर घेतलं, पुढं सर, प्रवासानं दाढी वाढलेली, डोळे लाल. समोरच्या काकूंनी ते पाहिलं आणि "अगा माय!" म्हणून तोंडाला पदरच लावला. उमाट्यांच्या दारात पोहोचेपर्यंत मागं बरीच माणसं झाली होती. कोणी डोक्यावर रुमाल टाकला होता, कोणी चहा पाठवायला सांगून आलं होतं. आमच्याकडे अशा घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी चहा करतात. सर मागं वळून पाहतात तर काय, अर्धी गल्ली मान खाली घालून उभी. कोणीतरी हळूच विचारलं, "कोण गेलं, सर?" सर म्हणाले, "गेलं नाई, आलं." आणि ताडपत्री सोडली. आलेला चहा मग सगळ्यांनीच प्यायला.

सरांनी तिला कयाक म्हणावं, गल्लीनं डोंगा, आणि वहिनींनी सवत. ती गच्चीवर राहायची. उद्घाटन झालेलं नसल्यानं तिला पाणी लावायचं नाही असा सरांचा हुकूम होता. मग वहिनींनी तिच्यात मिरच्या वाळवल्या, तुरीची डाळ वाळवली, उन्हाळ्यात शेवयांसारखे सरगुंडे वाळत घातले. पाहुणे आले आणि पलंग कमी पडले तर आमच्या गल्लीतला एक जाडा जावई तिच्यात झोपलेलाही मी पाहिला आहे. पाणी सोडून ती सगळ्या कामाला आली.

आणि पाणी लांब नव्हतं. धाम नदीवर, खडकी गावाच्या खाली, कढई नावाची जागा आहे, म्हणजे होती. काळ्या धोंड्यांच्या दोन ओळींमधून नदी एकदम अरुंद व्हायची, दोनतीन पायऱ्या उतरायची आणि खालच्या खोलगट भागात जाऊन उकळायची. काठाला पळस, पलीकडे कपाशीचे हिरवे पट्टे, धोंड्यावर एखादा खंड्या डोळे लावून बसलेला. जीव घेईल अशी ती धावती नव्हती, पण बेसावध माणसाला उलथवल्याशिवाय सोडायची नाही. मधोमध एक मोठा धोंडा होता, त्याला सगळे नंदी म्हणायचे. वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि ते नंदीच्या खांद्याला लागलं की कढई उकळली असं समजायचं. खांद्याच्या खाली उतरलं की नुसते दगड. वर चढून नंदी बुडाला तर पूर, मग कोणी जवळ जायचं नाही. म्हणजे वर्षातून मोजके दिवस, आणि त्या दिवसातला मोजका वेळ. आपण जिथं वाढलो त्या नदीवर, या कढईतून एकदा आपली आपण होडी खाली न्यायची, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. बाकी काही मागणं नव्हतं.

पण उद्घाटन?

पहिल्या वर्षी त्यांनी मंडळ काढलं, 'धाम जलक्रीडा मंडळ'. आणि मंडळाचं पथक तयार करायचं म्हणून शाळेच्या मैदानावर कोरडा सराव सुरू झाला. नववीची पोरं रांगेत जमिनीवर पाय पसरून बसलेली, प्रत्येकाच्या हातात खराटा, आणि सर शिट्टी वाजवत "डावं! उजवं! लाट आली, वाका!" पोरं वाकायची. धूळ अशी उडायची की पलीकडच्या वर्गाची खिडकी लावून घ्यावी लागे. महिनाभरात मैदान लखलखीत झालं, आणि त्या वर्षी आमच्या शाळेला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं. सर स्वतः घरी दिवाणावर सराव करायचे. कमरेला चादर गुंडाळून, पाय उशीखाली अडकवून, कुशीवरून उलटं व्हायचं आणि वल्ह्याच्या एका फटक्यानं परत सुलट. उलटं होणं जमायचं. मग धप्पकन आवाज यायचा आणि वहिनी आतूनच विचारायच्या, "बुडले का?"

मग ऑगस्टात पाणी सोडणार असल्याची बातमी आली. मांडव पडला, पत्रिका छापल्या, वेळ दहाची. दहा वाजता पाणी नंदीच्या खांद्याला होतं. मी माईकवर पाहुण्यांना काही क्षणांत आणत होते. अकराला पाणी त्याच्या छातीवर आलं, बाराला पोटावर. पाहुणे दीडला आले. नंदी तेव्हा अख्खाच्या अख्खा बाहेर येऊन ऊन खात बसला होता. पाहुण्यांनी नारळ फोडला, फीत कापली आणि म्हणाले, "हं, आता बसू द्या मले." कोरड्या दगडावर ठेवलेल्या कयाकमध्ये ते हेल्मेट घालून बसले, वल्हं उंच धरलं, आणि फोटोवाल्यानं असा कोन साधला की दगड दिसूच नये. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो, खाली "धामच्या लाटांवर स्वार".

मी सरांना म्हटलं, "चला, झालं एकदाचं उद्घाटन. पुढच्या पाण्याला तुम्ही उतरा."

सर विचारात पडले. म्हणाले, "तसं नाई जमत. पाणी नव्हतं नं. दगडावर झालं ते भूमिपूजन. उद्घाटन बाकी हाय."

दुसऱ्या वर्षी पाहुणेही आले आणि पाणीही होतं, पण दीपप्रज्वलन अडलं. नदीकाठचा वारा, समई काही लागेना. पाच मान्यवर पाच वातींना आडोसा करून उभे, सर काड्यामागून काड्या ओढतात, वात धरते आणि विझते. दिवा लागल्याशिवाय कार्यक्रम पुढं जाणार नाही हे तर ठरलेलंच. शेवटी मांडव वळवून घेतला, दिवा लागला, मान्यवरांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात वर आणखी पाणी सोडल्याचा भोंगा झाला. नंदी बुडाला. पोलिसांनी सगळ्यांना घरी पाठवलं. तिसऱ्या वर्षी आचारसंहिता लागली. फीत लाल असावी की कुठल्याच पक्षाची नसावी यावर बैठक झाली, तीत पाणी वाहून गेलं.

त्या सुमारास मी वहिनींजवळ कुरकूर केली. त्या गच्चीवर सवतीतल्या मिरच्या खालवर करत होत्या. वहिनी अल्लीपूरच्या, शेतकऱ्याघरच्या, विहिरीत उड्या मारून मोठ्या झालेल्या. हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "बाई, यायले पाण्याचं भेव वाट्टे. पोहता येते उलसंक, पण भेव वाट्टे. एकटं जावाले भेते माणूस, म्हणून पाव्हणे बोलावते. तुमाले एवढं समजलं नाई का?"

मला खरंच समजलं नव्हतं. मी आपली त्यांच्या कार्यक्रमांवर हसत बसले होते.

मग बातमी आली की धामवर खडकीच्या खाली बॅरेज होणार. उंच दारांचा बंधारा. दारं पडली की मागं पाणी तुंबणार, शेतांना उन्हाळ्यात मिळणार. चांगलीच गोष्ट होती, गावात पेढे वाटले गेले. फक्त ज्या ठिकाणी पाणी तुंबणार होतं त्यात कढई होती. कायमची बुडणार होती. नंदीच्या कपाळावर सर्वेवाल्यांनी लाल रंगानं एक रेघ मारली, पाणी कुठवर येईल ते दाखवायला. ती त्याच्या डोक्याच्याही बरीच वर यायला हवी होती म्हणे, पण तेवढा उंच दगड नव्हता, म्हणून बाण काढला होता वर आभाळाकडे.

सरांनी मला ती रेघ दाखवायला नेलं होतं. हिवाळ्याची दुपार, नदीत घोट्याएवढं पाणी. नंदीला टेकून बसले, पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "सुमन सांगते तुमाले ते खरं हाय मॅडम. मले भेव वाट्टे. मी काय म्हणतो, पाव्हणा येईन, नारळ फुटन, टाळ्या वाजन, मंग मले बसाच लागन नं? लोकाईसमोर माघार घेता येते का? म्हणून बोलावतो त्यायले. अन् ते येळेवर येतच नाई. दर वर्षी मले आंदरून बरं वाट्टे, अन् मंग घरी गेलो का लाज वाट्टे." पुढं म्हणाले, "आता एक पावसाळा हाय. तेवढाच."

मी आयुष्यभर वेळ मारून न्यायची वाक्यं पाठ केलेली बाई, पण तिथं एकही उपयोगाचं नव्हतं.

बॅरेज त्या पावसाळ्याआधीच बांधून झालं. दारं बसली, बटण बसलं, सगळं तयार. आणि दारं काही खाली पडेनात. का? तर लोकार्पण व्हायचं होतं! मंत्रिमहोदयांची तारीख मिळत नव्हती. जून गेला, जुलै गेला, धाम उघड्या दारांखालून मोकळी वाहत राहिली, शेतकरी बोटं मोडत राहिले आणि आमचे सर गल्लीत छाती काढून फिरू लागले. "पाहा! तुमी हासत होते नं? उद्घाटन नसतं तं कढई आतालोक बुडाली असती." पण तरी ते उतरत नव्हतेच. पाणी आलं की काठावर जायचे, नंदीचा खांदा पाहायचे आणि पिशवी सावरत परत यायचे.

शेवटी सप्टेंबरात तारीख मिळाली. बॅरेजच्या वरच्या बाजूला काठावर भला मोठा मांडव. मंत्री बटण दाबणार, दारं उतरणार आणि पाणी अडल्याचं लोकांना दिसणार. त्यासाठी सकाळीच वरच्या धरणातून बेतानं पाणी सोडलेलं. स्थानिक मान्यवरांच्या सत्कारात सरांचंही नाव होतं, 'धामवरील जलक्रीडेचे प्रणेते'. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. मंत्र्यांच्या हस्ते! इतकी वर्षं दुसऱ्यांना नारळ देत आलेल्या माणसाला पहिल्यांदा नारळ मिळणार होता. मंचाशेजारी त्यांची पिवळी कयाक, वल्हं आणि हेल्मेटसकट, शोभेला मांडली होती. नाकाला झेंडूचा हार, पुढं दोन बांबूंना आडवी लाल फीत. ती पण मंत्रीच कापणार होते. फीत सरांनी स्वतः बांधली होती, दोनदा ओढून पाहिली होती.

सर मंचावर मागच्या रांगेत बसले. नवा शर्ट, गुंडीला दोरा, दोऱ्याला कात्री. मी माईकवर. मंत्र्यांचे स्वीय सहायक फोन कानाला लावून मांडवाच्या तोंडाशी.

"साहेब निघाले नागपूरहून." मी सांगितलं, काही क्षणांतच.

"केळझरले दर्शनाले थांबले." मी एका शिक्षकाला देशभक्तिपर गीत म्हणायला लावलं.

"सेलूले सत्कार चालू हाय." मी धाम नदीचं महत्त्व सांगितलं. ते संपलं तेव्हा ते परत सांगितलं.

सगळा मांडव रस्त्याकडे तोंड करून बसला होता. एकटे सर नदीकडे पाहत होते. मी त्यांच्या नजरेमागं पाहिलं. पाणी नंदीच्या खांद्याला लागलेलं होतं. नेमकं खांद्याला. कढईतून फेस उसळत होता, पांढराशुभ्र, आणि त्याचा आवाज माझ्या माईकच्या वर येत होता. तासाभरात ते उतरणार होतं. आणि मंत्री आले की दारं पडणार होती. मग पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही.

सर उठले. मला वाटलं, लघवीला वगैरे जात असतील. माझ्या शेजारून जाताना थांबले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, माह्या सत्काराची येळ आली तं सांगजा, का सर उलसंक कामात हायेत." चेहरा पांढरा पडला होता. हा माणूस किती घाबरलाय ते इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं.

ते मंचाखाली उतरले, कयाकपुढं उभे राहिले. गुंडीचा दोरा ओढून कात्री हातात घेतली. एवढ्या वर्षांत त्यांनी शेकडो फिती बांधल्या असतील, स्वतःच्या हातानं एकही कापली नव्हती. क्षणभर इकडंतिकडं पाहिलं. कोणी पाहत नव्हतं, सगळे रस्त्याकडे. कच्च करून कापली. कात्री आणून माझ्या टेबलावर ठेवली, दोऱ्यासकट, म्हणजे गुंडीही तुटून आली होती.

बायकांच्या रांगेतून सुमनवहिनी उठल्या. पदर खोचला, काहीही न विचारता कयाकचं पुढचं टोक उचललं. "हार काढू का?" सर म्हणाले. "राहू द्या," वहिनी म्हणाल्या, "लगन हाय आज सवतीचं. चला." आणि दोघं नवराबायको ती पिवळी होडी घेऊन पळसांच्या आडून वरच्या अंगाला निघून गेले.

मी बोलत राहिले. काय बोलले देव जाणे. डोळा नदीवर. आणि मग वरच्या वळणावर ते पिवळं टोक दिसलं, झेंडूच्या हारासकट.

पहिल्या पायरीवरून होडी आपटत उतरली आणि सरांच्या तोंडून एक आवाज निघाला तो मांडवापर्यंत आला. माणसांनी वळून पाहिलं. "अबे, सर हाये!" कोणीतरी ओरडलं, आणि खुर्च्या पाडत अख्खा मांडव काठाकडे धावला. पोरं, बायका, इंजिनिअर, पोलीस, मंचावरचे मान्यवरसुद्धा. दुसऱ्या पायरीला होडी आडवी झाली. समोर नंदी. "सर, डावं! डावं!" ही मी ओरडत होते, आणि माईक हातातच होता, म्हणून ते दोन्ही काठांवर घुमलं. सर उलटले. हेल्मेट पाण्यात गेलं, वल्ह्याचं एक पातं तेवढं वर. दिवाणावरचा धप्प आवाज मला आठवला. काठावरून वहिनींचा खणखणीत आवाज आला, "बुडले का हो?" आणि ते पातं नंदीच्या पाठीला टेकलं, जोरात रेटलं, आणि सर वर आले. त्यांचा सराव कामी आला की नंदीनं टेकू दिला, मला माहीत नाही. वर आले ते हसतच. तोंड उघडं, पाणी गळतंय, आणि माणूस हसतोय, असा हसतोय की काठावरची माणसं पण हसायला लागली. मी रडत होते. कढईनं त्यांना एकदा गरगर फिरवलं आणि खाली सोडून दिलं.

त्यांनी मांडवाकडे पाहिलंसुद्धा नाही. बॅरेजच्या मधल्या उघड्या दाराखाली होडी शिरली तेव्हा सरांनी मान वाकवली. दार चांगलं उंच होतं, वाकायची काही गरज नव्हती, पण ठेंगण्या दारातून बाहेर पडताना माणूस वाकतो तसे वाकले. पलीकडे निघाले आणि वळणाआड गेले. वहिनी खांद्यावर टॉवेल टाकून काठानं त्या दिशेला निघाल्या, घाई न करता. पुढं दोनेक वर्षं सर आमच्यातच होते, पण मला आठवतात ते तिथले.

तेवढ्यात सायरन वाजले. गाड्या आल्या. मंत्री उतरले तेव्हा मांडवात मी एकटी होते आणि सगळं गाव त्यांच्याकडे पाठ करून नदीला टाळ्या वाजवत होतं. स्वीय सहायक धावत माझ्यापर्यंत आले, मोकळे बांबू पाहिले, जमिनीवर पडलेली फीत उचलली आणि तिची दोन टोकं माझ्यापुढं धरली.

"हे काय? ही फीत कोणं कापली?"

"प्रमुख पाहुण्यांनी," मी म्हटलं.

"अहो, साहेब तं आत्ता येऊन राह्यले!"

"वेळेवर आले होते," मी म्हटलं. "येऊन गेले."